तुमच्यात तसं असेल

मौजे बेलसांगवी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर येथील पशुवैद्यकीय दवाखाना (श्रेणी दोन) येथे दिनांक ३ जून १९९३ पासून कार्यरत असलेले कर्मचारी श्री. महेंद्र रंभाजी भिंगारदिवे, पदनाम पशुधन पर्यवेक्षक, यांचे वर्णन पुढीलप्रमाणे: वय चौतीस. उंची पाच फूट पाच इंच. वर्ण सावळा. ओळखीची खूण, डाव्या नडगीवर म्हशीच्या लाथेचा व्रण. वक्तशीरपणा समाधानकारक. सचोटी संशयातीत. स्वभाव मितभाषी. जनसंपर्क चांगला. ग्रामस्थांमध्ये मिळून मिसळून असतात.

हे वर्णन लिहिणारे साहेब वर्षातून एकदा जीपमधून यायचे आणि पाऊण तास थांबायचे. त्यामुळे उंची तेवढी बरोबर होती.

नगर जिल्ह्यात भिंगारदिवे म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. शिंदे, जाधव, गायकवाड असला की माणसं ‘मूळ गाव कंचं?’, ‘पाव्हणे कुटले?’ असं करत करत कडेकडेनं मुद्द्यावर येतात. इथे ते कष्ट वाचतात. महेंद्र रुजू झाला त्या दिवशी सरपंचांनी आडनाव ऐकलं आणि ‘हां, हां’ असं दोनदा म्हटलं. त्या दोन ‘हां’वर महेंद्रने पुढचे तीन महिने विचार केला. एक ‘हां’ पुरला असता; दुसरा कशाला होता?

त्याची बायको भारती केडगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि मुलं तिच्याजवळ होती. शनिवारी दुपारी तो जायचा, सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचा. उरलेले दिवस दवाखान्यामागच्या एका खोलीत स्टो, खाट आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. दवाखान्याच्या भिंतीवर जनावराच्या चार पोटांचा तक्ता होता. गाव त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचं. तो डॉक्टर नव्हता, पण ही चूक दुरुस्त करावी असं त्याला कधी वाटलं नाही. माणसाला गावाने दिलेल्या नावांतलं एखादं तरी आवडावं.

त्याच्या कामाचा मोठा भाग गाईच्या आत हात घालण्याचा होता. गाभण आहे की नाही ते बघायचं, रेतन करायचं, वार अडकली तर काढायची. सरकारी पुरवठ्यातले प्लॅस्टिकचे लांब हातमोजे वर्षातले आठ महिने संपलेले असत. म्हणजे काम झालं की खांद्यापर्यंत शेण, आणि डॉक्टर दोन्ही हात पुढे धरून, पूजेला उभा राहिल्यासारखा, गोठ्याच्या तोंडाशी उभा. मग घरातली बाई तांब्या घेऊन यायची आणि त्याच्या हातावर पाणी ओतायची.

वरून ओतायची.

महेंद्रचे वडील रंभाजी साखर कारखान्यावर उसाच्या काट्यापाशी होते. तरुणपणी गावच्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा, छपराच्या वळचणीला खोचलेला असे. पिऊन झाला की आपणच विसळायचा. पुढे कप सरसकट झाले, तरी रंभाजी कुठेही गेले की चहा पिऊन स्वतःच कप विसळून ठेवायचे. मुलाला म्हणाले होते, “आपला कप आपुन धुवावा. दुसऱ्यानं किती डाव धुतला ते बघायची पाळी येत न्हाई.” बापाने मुलाला शेत दिलं नव्हतं, घर दिलं नव्हतं. हे वाक्य दिलं होतं.

त्यामुळे तांब्याची उंची महेंद्रला दिसायची. न बघताही दिसायची. कुठे वीतभर, कुठे हातभर. वीतभर म्हणजे चांगलं घर. हातभर म्हणजे जुनं घर. उंबऱ्याच्या पायरीवर उभं राहून दीड हातावरून धार धरली तर तो कोरडेपणाने ‘बास’ म्हणायचा आणि उरलेलं शेण अंगावर घेऊन खोलीवर यायचा. त्याच्या आधीचे पर्यवेक्षक निमसे म्हणून होते, कर्जतकडच्या देशमुखीतले. ते याच गावाबद्दल तालुक्याच्या बैठकीत सांगायचे, की बेलसांगवीत डॉक्टरला काय मान आहे, हातावर पाणी घालायला बाया धावत येतात. महेंद्रने ते ऐकलं होतं. त्याच बाया, तेच तांबे. निमशांनी उंची मोजली नव्हती, एवढंच.

सगळ्यांत उंच धार गोजरबाईची. तिचा नवरा कानिफनाथ, बारा एकरांचा बागायतदार, दावणीला तीन होल्स्टीन गाई. गोजरबाई उंच, हाडापेराने मोठी. ती पायरीवर उभी राहून पाणी घालायची आणि चहा आणला की कपबशी डॉक्टरच्या हातात न देता ओट्याच्या फरशीवर ठेवायची. ‘घ्या डॉक्टर’ मात्र मायेने म्हणायची. महेंद्र कप उचलायचा, प्यायचा आणि बाहेरच्या हौदावर विसळून पालथा घालायचा.

नवलाची गोष्ट अशी की याच घरातला कानिफनाथ रोज संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, खिशात तंबाखूची चंची. त्याला महेंद्र ‘नाना’ म्हणायचा. पाच वाजता यायचा, दिवेलागण झाली की उठायचा. बोलणं गाईंचं, पेंडीच्या प्रतीचं, कुकडीच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय याचं. कधी काहीच नाही. बेलसांगवीतल्या अख्ख्या दिवसात महेंद्रकडे कोणी काम नसताना यायचं ते एवढंच. चारनंतर त्याचं लक्ष फाटकाकडे असायचं, हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा निर्णय झाला, त्या आठवड्यात गाव गप्प होतं. पारावर बोलणं चालू असायचं आणि महेंद्र जवळ आला की हवामानावर यायचं. त्या संध्याकाळी कानिफनाथ नेहमीसारखा आला आणि सबंध तास कडवळावर, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीवर, बोलला. कडवळ कधी पेरावं, किती पाण्यावर येतं, कोवळं घातलं तर जनावर कसं फुगतं. महेंद्र ऐकत राहिला. हा माणूस आपलं मन दुखवू नये म्हणून कडवळावर बोलतोय, की मनात काही आहे म्हणून कडवळावर बोलतोय, हे त्याला ठरवता आलं नाही. कदाचित त्याला कडवळच पेरायचं असेल, ही शक्यता त्याला सुचली नाही. पुढच्या पंधरवड्यात कानिफनाथने दीड एकर कडवळ पेरलं.

गावच्या बौद्धवस्तीत त्याचं जमलं असतं, असं वाटेल. ओढ्याच्या अलीकडे पंचवीस घरं होती. पहिल्या पौर्णिमेला विहारात त्याला खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. तो सतरंजीवर बसायला गेला तर पोरं म्हणाली, ‘साहेब, असं कसं?’ मग दोनदा शनिवारी पौर्णिमा आली आणि तो केडगावला होता. तेवढ्यावर वस्तीत बोललं गेलं की साहेबाला वरच्या आळीचा चहा गोड लागतो. झुंबरबाई, जिच्या शेळ्यांना तो न बोलावता जंताचं औषध देऊन यायचा, तिने हे त्याला तोंडावर सांगितलं. “आपला मानूस म्हनून लई आस हुती,” ती म्हणाली, “पर तुमी सरकारी निघाला.” तो हसला आणि शेळीच्या तोंडात औषध ओतलं. वरच्या आळीला तो फार वस्तीचा होता, वस्तीला फार वरच्या आळीचा. मधे ओढा होता आणि ओढ्यात बहुतेक वर्षी पाणी नसायचं.

शहाण्णवच्या भाद्रपदात कानिफनाथची चांगली गाय अडली. वासरू उलटं होतं, मागचे पाय आधी. सकाळी सातला महेंद्रने हात घातला, साडेनऊला वासरू जमिनीवर आलं. कालवड होती आणि जिवंत होती.  कानिफनाथने टोपी काढून डोकं पुसलं आणि पुन्हा घातली. गोजरबाईने त्या दिवशी हातावर तीन तांबे पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः दवाखान्यात आली. हातात पितळी चरवी, तोंडाला फडकं बांधलेलं. “चीक हाय,” म्हणाली. “गूळ घालून लावा. वेलदोडा आसला तर बरा.” आणि गेली.

चीक, म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, गावात सगळ्यांना जात नाही. भावकीत जातो, शेजारी जातो, जिथे जाणंयेणं आहे तिथे जातो. एवढं महेंद्रला माहीत होतं. दवाखान्याचा परिचर मच्छिंद्र याने स्टोवर कसा लावायचा ते सांगितलं आणि घरी गेला. महेंद्रने खरवस लावला. थोडा करपला. त्याने तो दोन दिवस पुरवून खाल्ला, खाटेवर बसून, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून. खिडकी उकाड्यासाठी उघडी होती. भाद्रपदात उकडतंच.

मग चरवी परत करायची वेळ आली, आणि तिथे त्याच्या बापाचं वाक्य उभं राहिलं.

चरवी पितळी होती, जुनी, तिच्यावर कोणाचं तरी नाव ठोकलेलं. ती परत गेल्यावर गोजरबाई काय करील हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. राखेने घासील, विस्तवावर धरील, गोमूत्र शिंपडील, काय काय करील. आणि ते तिला करावं लागू नये असं त्याला अगदी मनापासून वाटलं. म्हणून त्याने ती आपणच घासली. आधी राखेने, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने. एक तास घासली. चरवी अशी लखलखीत झाली की तिच्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, जरा रुंद.

आता, त्या भागात चिकाचं भांडं कोणी घासून परत देत नाही. विसळतसुद्धा नाहीत. खरकटं तसंच ठेवून आत चिमूटभर साखर नाहीतर गुळाचा खडा टाकून देतात. भांडं कोरडं गेलं तर गाईची कास कोरडी पडते, आणि देणाऱ्याला कळतं की घेणाऱ्याला पुन्हा जाणंयेणं नको आहे. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महेंद्र केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला एका खोलीत वाढलेला. घरी कधी शेळीसुद्धा नव्हती. गाईच्या चारही पोटांत काय चालतं हे त्याला शासनाने दोन वर्षं शिकवलं होतं. भांड्याचं अभ्यासक्रमात नव्हतं.

गोजरबाईने चरवी हातात घेतली, आत बघितलं.

“घासली व्हय?”

“चांगली घासलीय काकू,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा अभिमान वाटला. “तुम्हाला पुन्हा घासायला नको.”

त्या ‘पुन्हा’मध्ये त्याने आपलं सगळं सौजन्य भरलं होतं. गोजरबाईने तो शब्द ऐकला, त्याच्याकडे बघितलं आणि आत गेली. चहा आला नाही.

त्या संध्याकाळी कानिफनाथ आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्याने रस्त्यात दिसला. ‘काय डॉक्टर’ म्हणाला आणि सायकल न थांबवता गेला. पंधरा दिवसांनी त्याच गाईची कास सुजली आणि कानिफनाथने काष्टीहून खासगी डॉक्टर आणला. मोटरसायकल दवाखान्यासमोरून गेली. कासेचा एक सड कायमचा गेला, हे महेंद्रला मच्छिंद्रकडून कळलं.

मग त्याने हिशेब जुळवला, आणि जुळायला वेळ लागला नाही. चीक दिला तो गाय अडली होती म्हणून. काम झालं. घरातल्या कोणीतरी, भावकीतल्या कोणीतरी विचारलं असेल, ‘चरवी कुणाकडं गेल्ती?’ बस. एवढंच असतं. तीन वर्षं पायरीवर बसणाऱ्या माणसाला उठवायला एवढं पुरतं. महेंद्रला वाईट वाटलं, पण आतून एक प्रकारचं समाधानही वाटलं. आपण ओळखलं होतं. धार दीड हातावरून होती, आपण पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. बरोबर ठरण्यात एक ऊब असते; थंडीत फार पुरत नाही.

चारनंतर फाटकाकडे बघायची सवय जायला हिवाळा गेला. मग तो त्या वेळी खोलीचं दार लावून वाचत बसू लागला. असं दीड वर्ष चाललं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये बदलीचा हुकूम आला, पारनेर तालुक्यात. शेवटच्या दिवशी सकाळी सामान बांधताना मच्छिंद्र मदतीला होता. पन्नाशी उलटलेला, पान खाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोर आवळता आवळता तो म्हणाला, की साहेब, जाताजाता एक बोलू का, राग नसावा. आणि त्याने चरवीचं सांगितलं. साखरेचं, खरकट्याचं, कास कोरडी पडण्याचं. गोजरबाई महिनाभर रडत होती म्हणे. गाईसाठी नाही. म्हणत होती, डॉक्टरनं तोंडावर सांगितलं की पुन्हा संबंध नको.

महेंद्र खाटेच्या लाकडावर बसला.

“मच्छिंद्र, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“मला काय म्हाईत साहेब,” मच्छिंद्र म्हणाला. “मला वाटलं, तुमच्यात तसं आसंल.”

“आमच्यात कसं असेल?”

“घासून द्यायची रीत आसंल. आता तुमच्यातलं आमी कसं इचारायचं? बरं दिसत न्हाई.”

त्यात कुठे विखार नव्हता. मच्छिंद्रने जवळजवळ दोन वर्षं निव्वळ अदबीने तोंड मिटून ठेवलं होतं. महेंद्रला त्याच्यावर चिडायचं होतं, पण धरायला जागा सापडेना.

“आणि पाणी?” त्याने विचारलं. “हातावर इतक्या वरून ओततात ते?”

मच्छिंद्रला प्रश्नच कळला नाही. “पानी वरनंच पडतंय की साहेब. ती झुंबरबाई तर उभ्यानं वतती. तुमाला वाकून हात धरावं लागत्यात.”

महेंद्र आठवू लागला. झुंबरबाईच्या अंगणात तो किती वेळा हात धुवायला उभा राहिला होता, वीस वेळा तरी. पाणी कुठून पडत होतं? त्याला काही आठवेना. शेळ्या आठवत होत्या, तिचे टोमणे शब्दाशब्दाने आठवत होते. तांब्या आठवत नव्हता. तिथे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

तो उठला. मच्छिंद्रला म्हणाला, दोर आवळून ठेव, आलोच.

कानिफनाथ काष्टीला बाजारात गेला होता. गोजरबाई ओट्याच्या कडेच्या चुलीपुढे भाकरी थापत होती. त्याला अंगणात बघून ती उठली, पीठ लागलेले हात तसेच. बसा म्हणाली. तो ओट्यावर बसला. चरवीचं त्याने जमेल तसं सांगितलं. माहीत नव्हतं म्हणाला. तुम्हाला त्रास नको म्हणून घासली म्हणाला.

“आमाला कसला तरास?” ती म्हणाली.

ते त्याने सांगितलं नाही. उलट विचारलं, “काकू, तुम्ही हातावर पाणी एवढ्या उंचावरून का घालायच्या?”

“मंग कसं घालायचं? खांद्यापत्तुर शेन आसायचं तुमाला. जवळ हुबं ऱ्हायलं की समदं लुगड्यावर.” ती हसली. “त्या निमसे डॉक्टरनं एकदा हात झाडलं, तवापासनं म्या पायरीवरच हुबी ऱ्हाते.”

तोही हसला. पाच वर्षांत त्या ओट्यावर तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला असेल. छातीवरचं काहीतरी उतरलं. आणि त्या हलकेपणाच्या भरात त्याने पुढचा प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता.

“आणि कप? चहाचा. तोवर हात धुतलेले असायचे माझे.”

गोजरबाईचं हसू चेहऱ्यावर जरा वेळ राहिलं, जसं माणूस निघून गेल्यावर खाट जरा वेळ दबलेली राहते. तिने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. तिथे पीठ लागलं.

“ते सासूबाईंच्या येळंपासनं तसंच हाय,” ती हळू म्हणाली. “म्या कदी इचार न्हाई केला बगा. हात आपसूक तिकडं जातुया.” मग थोडं थांबून, “निमशाला हातात द्यायची.”

खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती खरं बोलली, दोन्ही वेळा. पाच वर्षं त्याने वाचलेल्या खुणांतली एक चुकीची होती आणि एक बरोबर, आणि उरलेल्या शेकड्यांमधल्या कुठल्या कशा, हे आता कोणाला विचारायचं?

“आमाला वाटलं,” ती म्हणाली, “डॉक्टरला आमच्या घरचं काय नकोच हाय. कप पन घाईघाईनं धुऊन ठिवायचा. मी ह्यांना म्हनायची, त्येंच्यात आसंल तसं.”

 चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, ती लगबगीने वळली, भाकरी उलथली. मग पाठमोरीच म्हणाली, “भाकरी झालीच हाय. पिठलं हाय. दोन घास खाऊन जावा. मी वाढते आतमधी.”

महेंद्रला भूक होती. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. स्टो बांधला होता. दारातून आतलं दिसत होतं. मांडणीत स्टीलची ताटं ओळीने उभी होती, सहा. कोनाड्यात जर्मनच्या पत्र्याचं एक ताट वेगळं, आडवं ठेवलेलं. ते गाईच्या आंबोणाचं असेल, कोंबड्यांच्या दाण्याचं असेल, गड्याचं असेल. कशाचंही असेल. गोजरबाई हात धुऊन उठली आणि पदराला पुसत आत निघाली. आता तिचा हात कुठल्या ताटाकडे जातो ते त्याला बघायचं नव्हतं. आणि बसला असता तर बघितल्याशिवाय राहवलं नसतं. मांडणीतलं काढलं असतं तरी त्याने विचार केला असता, की मघाच्या बोलण्यामुळे काढलं.

“काकू,” तो उठत म्हणाला, “गाडीची वेळ झाली. नानांना सांगा, येऊन गेलो म्हणून.”

ती दारात आली. हातात ताट नव्हतं. “बरं,” म्हणाली.

ग्रामपंचायतीने त्या दिवशी कार्यमुक्तीच्या कागदासोबत सरपंचांच्या सहीशिक्क्याचं एक पत्र दिलं. ‘श्री. भिंगारदिवे हे आपल्या पाच वर्षे दोन महिन्यांच्या सेवाकाळात गावातील घराघरात घरच्या माणसासारखे वावरले. सर्व समाजघटकांशी त्यांचे सलोख्याचे व जिव्हाळ्याचे संबंध होते. त्यांच्या बदलीने गाव एका आपल्या माणसास मुकत आहे.’

गाडी साडेचारला होती. तो फाट्यावर जाऊन बसला तेव्हा सव्वाबारा वाजले होते.